मिशेरीशिवाय पोट साफ होत नाही? मावळच्या ताटातच आहे उपाय

वलवण (ता. मावळ) : सकाळी चहा झाला, तरी पोट साफ होत नाही. मग कोणी विडी पेटवतं, कोणी तंबाखूची चिमूट धरतं. घरातल्या बायामाणसांच्या हातात मिशेरीची डबी असते. "हे लावल्याशिवाय होतच नाही" असं वलवणपासून नाणे मावळापर्यंत बऱ्याच घरांत ऐकायला मिळतं. काहींनी तंबाखू सोडायचं मनावर घेतलं, पण चार दिवस पोट अडलं म्हणून पुन्हा सुरू केलं.

बद्धकोष्ठता, म्हणजे गावच्या भाषेत मळ धरणे, हा तसा साधा त्रास. पण त्यावर शोधलेला उपाय तोंडाच्या कॅन्सरपर्यंत नेणारा असेल तर विषय साधा राहत नाही.

मिशेरीने नेमकं होतं काय?

मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि आतड्यांची हालचाल वाढवतं, म्हणून कळ येते. पण शरीराला त्याची सवय लागते. पुढे पुढे आतडं त्या धक्क्याची वाट बघत बसतं. मिशेरी बंद केली की काही दिवस ते सुस्त राहतं. हा सवय सुटतानाचा त्रास आहे, तो कायम राहत नाही. साधारण काही आठवड्यांत आतडं पूर्वपदावर येतं. तेवढे दिवस जेवणाखाण्याने निभावून नेले की मिशेरीची गरज उरत नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत फोन नंबर आहे, त्यावर सल्ला मिळतो.

बद्धकोष्ठता कशाला म्हणायचं?

रोज सकाळी झालंच पाहिजे असा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, खडा होत असेल, जोर काढावा लागत असेल किंवा जाऊन आल्यावरही पोट मोकळं वाटत नसेल, तर ती बद्धकोष्ठता. असं बरेच दिवस चाललं की मूळव्याध आणि फिशर, म्हणजे गुदद्वाराला चीर पडणे, हे त्रास मागे लागतात.

भाताचं ताट आणि चोथ्याचा हिशोब

मावळ हा भाताचा मुलूख. १९८७ साली आलेला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचाच. भात वाईट नाही. पण गिरणीत पांढराशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळातला कोंडा निघून जातो आणि कोंड्याबरोबर चोथाही जातो. चोथा म्हणजे तंतुमय पदार्थ, ज्याला डॉक्टर फायबर म्हणतात. हा चोथा पाणी धरून ठेवतो, मळ मऊ करतो आणि पुढे सरकवतो. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम कच्च्या धान्यात साधारण इतका चोथा असतो : पॉलिशचा तांदूळ ३ ग्रॅमच्या आत, कोंडा न काढलेला तांदूळ ४ ग्रॅमच्या वर, ज्वारी १० ग्रॅम, नाचणी आणि बाजरी ११ ग्रॅमच्या आसपास, मटकी १५ ग्रॅम.

आता हिशोब करा. दोन्ही वेळा मिळून ३०० ग्रॅम तांदळाचा भात खाल्ला तर ८-९ ग्रॅम चोथा मिळतो. पातळ वरणाचे आणखी ४-५ ग्रॅम धरले, तरी दिवसाची बेरीज १३-१४ वरच थांबते. म्हणजे गरजेच्या निम्मा.

तेच सकाळच्या जेवणात १०० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या किंवा ज्वारीच्या भाकरी घेतल्या, सोबत वाटीभर मटकीची उसळ, एक पालेभाजी, दुपारी एक पेरू आणि रात्री थोडा भात ठेवला, तर बेरीज २५ च्या पुढे सहज जाते. औषधाला रुपया लागत नाही. भाकरीचं पीठ मात्र चाळून कोंडा टाकू नये.

पावसाळ्यात त्रास का वाढतो?

लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आवणी संपली की चालणं-फिरणं कमी होतं, गारठ्यामुळे तहान लागत नाही, पाणी कमी आणि चहा जास्त होतो. त्यात बाजारची भाजी महागते. मग रोज भात, बटाटा, तळण.

पण याच दिवसांत डोंगरउतारावर आणि बांधावर टाकळा, कुर्डू, भारंगी, कवळा या रानभाज्या येतात. त्या चोथ्याला चांगल्या आहेत. ओळखीच्या असतील त्याच तोडाव्यात आणि घरातल्या जाणत्या बाईच्या पद्धतीनेच शिजवाव्यात.

चोथा एकदम वाढवला की गॅस होतो, पोट फुगतं. म्हणून आठवड्याला एकेक पदार्थ वाढवावा. चोथ्याबरोबर पाणीही हवं, नाहीतर मळ उलट घट्ट होतो. दिवसाला ८ ते १० ग्लास पाणी ठीक. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारावं.

सवयीचे चार नियम

१. जेवणानंतर आतड्यांना आपोआप चालना मिळते आणि सकाळी ती सगळ्यात जोरात असते. म्हणून सकाळी काहीतरी खाऊन-पिऊन १५-२० मिनिटांनी, रोज ठरलेल्या वेळी जाऊन बसावं. कळ आली नाही तर जोर न काढता उठावं.

२. कळ दाबू नये. कळ मारली की मळातलं पाणी आतडं शोषून घेतं आणि खडा होतो. शेतावर, कंपनीत किंवा हॉटेलात कामाला जाणाऱ्या बाया सोय नाही म्हणून दिवसभर दाबून ठेवतात आणि पाणीही पीत नाहीत. शाळेतली पोरंही संडास घाण म्हणून जात नाहीत. घरातून निघायच्या आधी मोकळं होण्याइतका वेळ त्यांना मिळाला पाहिजे.

३. उकिडवं बसणं चांगलं. तसं बसल्यावर गुदद्वाराजवळचा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. घरात कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट किंवा स्टूल घ्यावं. मोबाईल बाहेर ठेवावा. दहा मिनिटांपेक्षा जास्त बसून राहिलं की मूळव्याधीला आमंत्रण.

४. रोज अर्धा तास चालावं. ज्यांचं शेतकाम सुटलंय आणि दुकानात किंवा गाडीवर बसून दिवस जातो, त्यांना हे जास्त लागू आहे.

लोणावळ्याच्याच कैवल्यधाम संस्थेत पोटाच्या यौगिक क्रियांवर शंभर वर्षांपूर्वी काम सुरू झालं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ही संस्था स्थापन केली. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने तपासलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. मात्र नौली किंवा बस्ती मोबाईलवर व्हिडिओ बघून करू नये. ती शिक्षकासमोरच शिकावी. पवनमुक्तासनासारखं सोपं आसन घरी करता येतं. गरोदर बाई, हर्नियाचा पेशंट किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

चूर्ण, इसबगोल आणि एरंडेल

इसबगोल हा चोथाच आहे. एक-दोन चमचे, मोठा ग्लासभर पाण्यात कालवून लगेच प्यावा. कोरडा तोंडात टाकू नये, घशात अडकतो. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवावं.

बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. तिने आतड्याला जोर येतो. कधीमधी चालते, पण महिनोन् महिने रोज स्वतःच्या मनाने घेऊ नये. गरोदरपणात एरंडेल नकोच.

गरोदर बायांना आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनी मळ घट्ट आणि काळपट होतो. म्हणून अनेक जणी गुपचूप गोळ्या बंद करतात. तसं केल्याने रक्त कमी होतं आणि बाळंतपणात जीवावर बेतू शकतं. गोळी चालू ठेवून उसळ, पालेभाजी, फळं, पाणी वाढवावं आणि त्रास आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगावा. बीपीच्या, दुखण्याच्या काही गोळ्यांनीही असंच होतं. त्याही मनाने सोडू नयेत.

इथे घरगुती उपाय थांबवा

मळातून रक्त पडतंय, वजन उतरतंय, अंगात रक्त कमी निघालंय, किंवा पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली असेल तर मूळव्याधच आहे असं धरून चालू नये. आतड्याच्या कॅन्सरची सुरुवातही अशीच होऊ शकते आणि लवकर कळला तर तो बरा होऊ शकतो. लाजेपोटी सहा महिने घालवू नयेत. तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर मिशेरी लावणाऱ्यांनी तोही लगेच दाखवावा.

पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वाराही सरत नाही, असं असेल तर आतडं अडकलेलं असू शकतं. चूर्ण, एरंडेल काहीही न देता १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठावा.

दोन-तीन आठवडे ताट आणि सवयी बदलूनही फरक पडला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. थायरॉईड किंवा शुगरमुळेही पोट अडतं आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं.