विमान आपले, आकाश नियमांचे

गेली काही वर्षे सांबऱ्याच्या बाजूला छोटी प्रशिक्षण विमाने घिरट्या घालताना दिसतात. त्यामुळे बेळगावच्या मुलांना विमान आता चित्रातले राहिलेले नाही. बारावीनंतर काय, या प्रश्नाला 'पायलट' हे उत्तर घराघरांत ऐकू येते. आणि मागोमाग स्वयंपाकघरातून आजीचा प्रश्न येतो, "एष्टु दुड्डु?" पैशांचा प्रश्न खराच, पण त्याआधी कायद्याचे चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न, परवाना कोणता? खासगी वैमानिकाचा परवाना वयाच्या सतराव्या वर्षी मिळू शकतो. दहावी उत्तीर्ण असावे लागते, किमान ४० तासांचे उड्डाण व्हावे लागते आणि हवाई नियम, दिशादर्शन, हवामान, विमान व इंजिन या विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. मात्र या परवान्यावर पोट भरता येत नाही. भाडे किंवा मोबदला घेऊन कुणाला नेता येत नाही. नोकरीसाठी व्यावसायिक परवाना लागतो. त्याला वय १८ आणि उड्डाण २०० तासांचे. हा फरक न समजताच कर्ज काढणारे पालक मी पाहिले आहेत.

माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मित्रांना गोव्याला नेऊन पेट्रोलचे पैसे वाटून घेतले तर?" अमेरिकेत खासगी वैमानिकाला प्रवाशांबरोबर इंधनाचा खर्च समान वाटून घेण्याची मुभा आहे. तिकडचे व्हिडिओ पाहून आपली मुले तेच इकडे गृहीत धरतात. आपल्याकडे 'मोबदला' या शब्दाशी खेळू नये. शंका असेल तर आधी लेखी विचारावे.

दुसरा प्रश्न, विमान कुणाच्या नावावर? आपल्या गाडीवर केए-२२ असते, तसे भारतातल्या प्रत्येक विमानावर 'व्हीटी' आणि पुढे तीन अक्षरे असतात. नोंदणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे होते. पण नोंदणी झाली म्हणजे विमान उडाले, असे नाही. ते उड्डाणास योग्य असल्याचे वेगळे प्रमाणपत्र लागते आणि त्याचा ठराविक काळाने पुन्हा आढावा होतो. देखभाल मान्यताप्राप्त माणसाकडूनच करून घ्यावी लागते. गल्लीतला मेकॅनिक कितीही हुशार असो, इथे त्याचा हात चालत नाही.

या कागदांचे वजन किती, ते कॅप्टन अमोल यादव यांना विचारावे. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते पाहिले, कौतुक केले. तरी नोंदणीसाठी २०१७ उजाडले आणि उडवून पाहण्याचा परवाना मिळायला २०१९. विमान बांधणे कठीण की फाइल पुढे सरकवणे, असा प्रश्न पडावा!

तिसरा प्रश्न, कुठे उडायचे? आकाशाला कुंपण दिसत नाही, पण असते. ठरवून केलेल्या उड्डाणाचा आराखडा आधी द्यावा लागतो आणि हवाई संरक्षणाची परवानगी घ्यावी लागते. सांबऱ्याला हवाई दलाचे केंद्र आहे, दाबोळीला नौदलाचा तळ. रात्री उडायचे तर वेगळी मान्यता हवी. आपला माळ सपाट आहे म्हणून तिथे रोज विमान उतरवायचे, असेही चालत नाही. त्या जागेलाही परवाना किंवा मान्यता लागते.

चौथा आणि माझ्या मते पहिला असावा असा प्रश्न, प्रकृतीचा. खासगी परवान्याला दुसऱ्या वर्गाची आणि व्यावसायिक परवान्याला पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी लागते. ओळखीच्या एका कुटुंबाने शेत विकून शुल्क भरले आणि तपासणी मागाहून केली. मुलाला रंग ओळखण्यात दोष निघाला. शेत गेले ते गेलेच, पण मुलगा सहा महिने कुणाशी धड बोलला नाही. दोष त्याचा नव्हता. क्रम चुकला होता. म्हणून आधी तपासणी, मग प्रवेश, मग कर्ज.

कायदाही बदलला आहे. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. म्हणून कुणा काकांच्या जुन्या माहितीवर न विसंबता नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावेत.

१९२९ साली जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १९३२ मध्ये त्यांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले. आधी परवाना, मग भरारी. आपल्या लेकरांना उडू द्यावे, अवश्य उडू द्यावे. फक्त पंख लावण्यापूर्वी कागद वाचावेत, आणि ते आई-वडिलांनी मुलांबरोबर बसून वाचावेत.