धडधड उन्हाचीच असते का?



नागपूरच्या मे महिन्यात घरात कुणाला धडधडलं, भोवळ आली की आपण म्हणतो, "ऊन लागलं," आणि पन्हं देतो. पण त्या माणसाला पूर्वी हार्ट अटॅक आला असेल तर सावध व्हा. अटॅकनंतर हृदयाच्या स्नायूवर व्रण राहतो. हृदयातली वीज कधी त्या व्रणाभोवतीच गरगर फिरते आणि खालचे कप्पे बेभान धडधडतात. अटॅकनंतर कित्येक वर्षांनीही हे होऊ शकतं.

अशा वेळी १०८ला फोन करा. धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला तर निदान सोपं होतं. माणूस बेशुद्ध पडला, श्वास नीट चालत नसेल, तर मदत येईपर्यंत छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा.

ऊन उतरायची वाट पाहू नका.