मांजर, हँडल आणि देकार्त

मंडळी, मागच्या वेळी आपण देकार्तपाशी थांबलो होतो. प्राणी म्हणजे किल्ली दिलेलं घड्याळ, असं त्याचं साधारण म्हणणं. आज आमच्या घरातलाच पुरावा पुढे ठेवतो.

आमच्याकडे सहा वर्षं अ‍ॅबिसिनियन जातीची मांजर आहे, मिरी. नाव इथिओपियाचं, १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनातून ही जात गाजली. जनुकं मात्र हिंदी महासागराच्या किनाऱ्याकडे बोट दाखवतात. म्हणजे आमच्याकडे ती माहेरीच आली म्हणायची! (हशा)

पहिलं वर्ष आमचे हाल झाले. पहाटे चारला कपाटावरून छातीवर उडी. स्वयंपाकघराचं दार लावलं, तर दोन दिवस हँडलकडे बघत बसली आणि तिसऱ्या दिवशी त्याला लोंबकळून दार उघडलं. आम्ही वरची कडी घातली, तिनं पडदे फाडले. शेवटी तिला देऊन टाकायचं ठरलं, माणूसही बघितला.

जनावरांच्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "दिवसभर तिला काम काय असतं?"

आम्ही गप्प. मांजराच्या अंगात एक साखळी असते: दबा, पाठलाग, झेप, पकड, खाणं, मग अंग चाटून झोप. आम्ही भरलेली वाटी ठेवून मधलीच एक कडी देत होतो. उरलेल्या ती पडद्यांवर भागवत होती. आता रात्री तिच्या जेवणाआधी दहा मिनिटं पिसाची काठी फिरवतो आणि शेवटी ते पीस तिला पकडू देतो. लेझरचा ठिपका नको; पंजात काहीच येत नाही, चिडचिड वाढते. कोरडं खाणं अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये लपवतो. भिंतीवर छतापर्यंत फळ्या ठोकल्यात. बाल्कनीला जाळी तर आधी हवी, बाकी सगळं नंतर.

खोड्या गेल्या असं नाही. चारचे साडेपाच झाले, इतकंच. हाक मारली तर ती कान वळवते, येत नाही. आम्ही याला मठ्ठपणा समजत होतो. चाळीस वर्षं वर्गातही ऐकणाऱ्यालाच हुशार म्हणत आलो, ते असो.

खरी काळजी वेगळीच. ही मांजरं बारा-पंधरा वर्षं सहज जगतात आणि आम्ही शहात्तरीचे. तेव्हा पुतणीला स्पष्टच विचारलं. ती आता महिन्यातून एक रविवार येते, मिरीशी काठीनं खेळायला शिकते. परवा फोनवर म्हणाली, "काका, आमच्याकडच्या दारांना गोल मुठी बसवून घेतल्या."