शेवंतीची कुंडी कळ्यांपूर्वीच बदलावी
शेवंती ही लघुदिवसी वनस्पती आहे; रात्र पुरेशी लांब मिळताच तिची शाकीय वाढ मंदावून कळ्या धरू लागतात. बंगळुरू सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथील सर्वांत मोठा दिवसही १३ तासांपेक्षा कमी असतो. म्हणूनच त्या परिसरातील शेतकरी शाकीय वाढ लांबवण्यासाठी रात्री शेतात दिवे लावतात.

कुंडीतील रोपांनाही हेच तत्त्व लागू पडते. रोप १५ सेंमी व्यासाच्या कुंडीतून २५ सेंमीच्या कुंडीत कळ्या धरण्यापूर्वीच हलवावे. त्यानंतर अन्नद्रव्ये फुलांकडे वळतात, दुखावलेली मुळे लवकर सावरत नाहीत आणि फुले लहान राहतात. आदल्या दिवशी पाणी द्यावे, मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटू देऊ नये आणि नवी मुळे धरेपर्यंत रात्रीचे दिवे बंद करू नयेत.