क्लिक एक, हँडलर दोन: आधी कोण चालणार?

समजा, तुम्ही प्रबंधासाठी ऑनलाइन प्रश्नावली बनवताय. ‘पुढे’ या बटणावर जावास्क्रिप्टचे दोन हँडलर आहेत. एक निवडलेलं उत्तर साठवतो, दुसरा निवड पुसून पुढचा प्रश्न दाखवतो. दुसरा आधी चालला तर साठवायला काही उरतच नाही. एरर येत नाही, पान छान पुढे सरकतं, आणि महिन्याने फाइल उघडली की उत्तरांचा रकाना रिकामा! त्या लोकांना पुन्हा गाठणं बहुतेकदा शक्य नसतं.

नियम तसा सरळ आहे. एकाच घटकावर ‘अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर’ने जोडलेले हँडलर जोडल्याच्या क्रमाने चालतात. (२००० सालच्या ‘डॉम लेव्हल २’मध्ये हा क्रम ठरवलेलाच नव्हता, आता ठरलेला आहे.)

पण तयार लायब्ररी वापरत असाल तर तिने आपला हँडलर तुमच्या आधीच जोडलेला असू शकतो. अशा वेळी ‘कॅप्चर’ कामाला येतं. क्लिक आधी विंडोपासून खाली बटणापर्यंत उतरतो, मग परत वर चढतो. बटणाला वेढणाऱ्या घटकावर ‘कॅप्चर: ट्रू’ देऊन हँडलर लावलात, तर तो उतरतानाच पकडतो; म्हणजे बटणावरच्या सगळ्यांच्या आधी चालतो, कितीही उशिरा जोडलेला असला तरी. खुद्द बटणावर लावून हा फायदा क्रोममध्ये ८९व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१पासूनच मिळतो. त्यामुळे बाहेरचा घटकच बरा.

आणखी एक गोम आहे. पहिला हँडलर ‘अवेट’पाशी थांबला की ब्राउझर त्याच्यासाठी ताटकळत नाही, सरळ दुसरा सुरू करतो. म्हणून ‘अवेट’च्या आधीच उत्तर व्हेरिएबलमध्ये घेऊन ठेवा.

दोन्ही हँडलर तुम्हीच लिहिलेले असतील तर माझ्या मते ही सगळी कसरत करूच नये. एकच हँडलर ठेवा: आधी साठवा, मग पुढे जा. सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्यालाही (बहुधा तुम्हीच!) क्रम समोर दिसतो.

उत्तर द्यायला लागलेला वेळ मोजायचा असेल, तर हँडलरच्या आत घड्याळ बघू नका. इव्हेंटचा ‘टाइमस्टँप’ घ्या. तो इव्हेंट तयार होतानाच ठरतो, त्यामुळे तुमचा हँडलर पहिला असो की पाचवा, आकडा तोच मिळतो.