रेटिंग 80ने कमी, तरी काय झालं?

सोमवार, 28 जुलै 2025ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या कामासाठी मुलाखत होती. स्पर्धेत सगळे माझ्याहून दहा-बारा वर्षं सीनियर. 'येणं जमणार नाही' असा मेल मी टाइप करून ठेवला होता. सेंड करायच्या आधी म्हटलं, जरा मॅच बघू.

मॅच म्हणजे क्रिकेट नव्हे, बुद्धिबळ! जॉर्जियातल्या बटुमीत महिला वर्ल्ड कपची फायनल टायब्रेकवर आली होती. कोनेरू हंपी विरुद्ध आपल्या नागपूरची 19 वर्षांची दिव्या देशमुख.

कागदावर जोडी विषमच. हंपी 2002मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. रेटिंग 2543 विरुद्ध 2463. या 80 गुणांच्या फरकाचा अर्थ असा, की 100 डावांत हंपीला साधारण 61 गुण मिळावेत. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यामुळे आता रॅपिड, आणि त्यात तर हंपी 2019 आणि 2024ची वर्ल्ड चॅम्पियन. म्हणजे मॅच सीनियरच्या घरच्या पिचवर!

पण बॉस, 61 म्हणजे 100 नव्हे. शिवाय या हिशेबात एक गंमत आहे. क्लासिकल डाव बरोबरीत सुटला तरी वरच्या खेळाडूचं रेटिंग घटतं, खालच्याचं वाढतं. ओझं कुणाच्या खांद्यावर जास्त, तुम्हीच सांगा.

पहिला रॅपिड डावही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. डाव लांबला, घड्याळात सेकंद उरले. शेवटी हंपी चुकली आणि दिव्यानं संधी सोडली नाही. ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म आणि 2500 रेटिंग लागतं. स्पर्धेला आली तेव्हा दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता. या जेतेपदानं तिला तो किताब थेट मिळाला. भारताची 88वी ग्रँडमास्टर!

आईला मिठी मारून ती रडली. इकडे मीही डोळे पुसले.

रेटिंग सांगतं तुम्ही आजवर काय केलंत ते. पटावर मोहरी मात्र दोघांनाही 16च.

मेल डिलीट केला. काम मला मिळालं नाही. पण शेवटच्या दोघांत मी होते, आणि घरी बसून हे कधीच कळलं नसतं.