लोणच्याची बरणी आणि मायक्रोमीटर

पाऊस नुकताच सुरू झाला होता. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये पुण्याच्या एका कारखान्याची पहिलीच मोठी ऑर्डर तयार झाली होती. माल ट्रकने पुढे गेला. तो तपासून दाखवण्यासाठी लागणारे मायक्रोमीटर, डायल गेज आणि प्लग गेज वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून आमचे ‘हे’ रात्रीच्या बसने निघाले.

पुण्यात पिशवी उघडली तर कागद ओला, प्लग गेजवर गंजाचे ठिपके आणि डायल गेजचा काटा अडकलेला! मापच भरवशाचे नाही, तर मालाची खात्री कोण देणार? माल आठवडाभर अडकला, पैसे अडकले आणि कामगारांचा पगारही लांबला.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “अरे, इतकी वर्षं मी कोल्हापूरहून लोणच्याच्या बरण्या आणते. एक तरी फुटली का? बरणी हलली की फुटते, पाणी लागलं की लोणचं नासतं. एवढंच तर सांभाळायचं!”

त्या दिवशी आमचे डोळे उघडले.

पीण्या ही लहान कारखान्यांची मोठी वस्ती. शेजारच्या जालहळ्ळीत एच.एम.टी.चा कारखाना. ती कंपनी 1953 साली स्थापन झाली आणि या भागात यंत्रकामाची परंपरा रुजली. पीण्याजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 तुमकूर, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत पुण्याला पोचतो. या रस्त्याने नाजूक हत्यारे स्कूटर, टेंपो आणि बसमधून हिंदकळत जातात. मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. त्याला एक आपटीही पुरे होते.

मग आम्ही घरातल्याच वस्तूंनी पेटी तयार केली. तुम्हालाही ती करता येईल.

पहिली गोष्ट, हत्यार हलू देऊ नये. घट्ट झाकणाच्या डब्यात योगासनाच्या जुन्या चटईचे थर घालावेत. वरच्या थरात हत्याराच्या आकाराचे खाचे कापावेत. डबा बंद करून कानाशी हलवून पाहावा. खुळखुळ ऐकू आली, तर आणखी मऊ कापड भरावे. मायक्रोमीटरची दोन्ही टोके एकमेकांना टेकवून ठेवू नयेत, थोडी फट ठेवावी. उष्णतेने धातू प्रसरण पावतो.

दुसरी गोष्ट, ओलावा. बोटांच्या घामातले मीठ पोलादाला गंज आणते. म्हणून हत्यार कोरड्या कापडाने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि मेणकागदात गुंडाळावे. खोबरेल वापरू नये, ते चिकट होते. वर्तमानपत्र ओलावा शोषते, तेही नको. नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी डब्यात टाकावी, पण मुलांच्या हाती लागू देऊ नये.

तिसरी गोष्ट, धार. लांब रीमर आणि ड्रिल पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घालून दोन्हीकडून टोप्या लावाव्यात. पात्यांवर बागेच्या नळीचा उभा चिरलेला तुकडा बसवावा. डिजिटल व्हर्निअरमधला बटणासारखा सेल काढून वेगळा, मुलांपासून दूर ठेवावा. तो गिळला गेला, तर अन्ननलिका जाळतो. अशा वेळी क्षणही न दवडता इस्पितळ गाठावे.

गंमत म्हणजे कॅनडा, फिनलंडसारख्या देशांत गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणारे हौशी लोकही गिरमिटाची पाती अशीच झाकतात आणि काठ्या पाइपात ठेवतात. गार सामान उबदार खोलीत आणले की त्यावर दव जमते, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमते तसेच. आपल्याकडेही वातानुकूलित खोलीतले हत्यार पावसाळी हवेत काढले की हेच घडते. म्हणून डबा तासभर बंदच राहू द्यावा, मग उघडावा. आणि माप घेण्यापूर्वी शून्य तपासावे, हे विसरू नये.

आता पेटी पुण्याला निघायची असली की सासूबाई ती आधी कानाशी धरून हलवतात. आवाज आला नाही, की म्हणतात, “जा आता बिनघोर!”